नायिकेचा आवाज विहीणबाईंचा

कुमुदताई,

मंडळाच्या अंकासाठी तुमच्यावर लिहा म्हणून मला फोन आला. जन्मगाव, शिक्षण, जर्मनीत कधी आलात, मागे कोण कोण आहे, हे सगळं क्रमानं येऊ दे आणि शेवटी ‘मनमिळाऊ स्वभाव’ असं काहीतरी, अशी सूचनाही मिळाली. मी बरं म्हटलं आणि फोन ठेवल्यावर ठरवलं की यातलं काही म्हणजे काही लिहायचं नाही. मनमिळाऊ तर तुम्ही नव्हतातच. मनमिळाऊ बाई होणाऱ्या विहिणीला पहिल्याच भेटीत, नारळ अजून हातात असताना, “तुमचा चेहरा असाच असतो, की दात दुखतोय?” असं विचारत नाही.

दात दुखत नव्हता. तो माझा विचारवंत चेहरा होता. फार मेहनतीनं कमावला होता मी तो.

तुम्ही मला पाहिलंत तेव्हा मी बरीच निवळले होते. त्याआधीची पाहायला हवी होतीत. पुण्यात कॉलेजात मराठी शिकवायची, खादीची साडी, खांद्याला शबनम, आणि फिल्म सोसायटीचं कार्ड देवाच्या अंगाऱ्यासारखं पर्समध्ये जपलेलं. ज्या सिनेमात शेवटी कुणी मरत नाही तो सिनेमाच नव्हे, अशी माझी खात्री होती. लग्न झाल्यावर मी यांना पहिला सिनेमा दाखवला तो एका दुष्काळी गावावरचा. त्यात एक म्हातारा बराच वेळ विहिरीत बघत बसतो. मध्येच मी वळून पाहिलं, तर हे डोळे मिटून बसलेले. मला भरून आलं. म्हटलं, काय संवेदनशील माणूस मिळालाय, वेदना बघवत नाही त्याला. मग ते घोरायला लागले. तरीही पुढे काही महिने मी मैत्रिणींना हेच सांगत होते की आमच्या यांना फार लागतं मनाला. कॉलेजच्या वार्षिक अंकात विनोदी सिनेमा म्हणजे पलायन कसं आहे यावर मी लेखही लिहिला होता. लिहिण्याआधी एकही विनोदी सिनेमा पाहिलेला नव्हता. ती बाई आज समोरून आली, तर मी रस्ता ओलांडून पलीकडे जाईन.

अशा बाईला तुम्ही इंगोलश्टाटच्या तुमच्या घरात सोफ्यावर बसवलंत. मुलीमुलानं परस्पर सगळं ठरवलेलंच होतं, आपण दोघी फक्त रीत म्हणून समोरासमोर आलो होतो. बोलायचे विषय संपले. तेव्हा तुम्ही उठून पडदे ओढलेत आणि म्हणालात, “आपण सिनेमा बघू. जुना आहे, अमेरिकन. म्हणजे आपल्या दोघींनाही बोलायची जबाबदारी नाही.”

काळापांढरा सिनेमा, आणि आवाज जर्मन. इथे सगळं जर्मनमध्येच बोलतं, हे मला ठाऊक नव्हतं. पडद्यावर टेलकोट घातलेला एक गंभीर प्राध्यापक, काखेत जिवंत कोंबडी, आणि तो ती कोंबडी आगगाडीत तिकीट तपासनीसापासून लपवतोय. शेजारी एक श्रीमंत मुलगी थांबता थांबत नाहीये, बोलतेय, बोलतेय. मला एक अक्षर कळत नव्हतं. मी चेहरा धरून ठेवला होता. आणि मग त्या प्राध्यापकानं, कोंबडी आता हॅटखाली दडवलीय हे विसरून, तपासनीसाला नमस्कार करायला हॅट उचलली. चहा माझ्या नाकातून आला, विहीणबाई. मुलाच्या लग्नाच्या बोलण्यांत. तुम्ही निमूटपणे रुमाल पुढे केलात आणि म्हणालात, “झालं. जमलं लग्न.”

त्या सिनेमांना तुमच्याकडे मी आले त्याच्या कितीतरी आधीपासून मान होता. पुढे तुम्ही मला सांगितलंत. मिरजेहून नव्या नवरीला घेऊन भाऊसाहेब इथे आले, सकाळी कारखान्यात जायचे आणि तुम्ही चार भिंतींत. जर्मन शिकायला क्लास लावायची सोय नव्हती. टीव्हीवर दुपारचे हे जुने सिनेमे लागायचे, जर्मनमध्ये बोलणारे. तुम्ही मटार सोलत त्यांच्या पाठोपाठ बोलायचात. भाषा यायला लागली. फक्त ती कुठली भाषा येतेय, हे तुम्हाला सांगायला कुणी नव्हतं. दुकानदार, शेजारीण, पोस्टमन यांच्याशी तुम्ही बोलायला लागलात ते एकदम कोट्यधीश बापाच्या पळून आलेल्या मुलीसारखं. व्हिसाच्या कचेरीत त्या माणसानं तुम्हाला तिसऱ्यांदा आणखी एक कागद आणायला सांगितला, तेव्हा तुम्ही हनुवटी वर करून म्हणालात, “माइन हेर, सी लांगवाइलन मिश.” महाशय, तुमचा मला कंटाळा येतो! त्या खोलीत असं कुणी कधी बोललं नसेल. तो माणूस तुमच्याकडे बघत राहिला, मग मान खाली घालून खुदुखुदु हसायला लागला, आणि आहे त्याच कागदांवर शिक्का मारला.

ही गोष्ट मी तुमच्याकडून इतक्यांदा ऐकली की आता ती मीच तिथे उभी असल्यासारखी सांगते. रागावू नका. इतकी चांगली गोष्ट तुमच्या एकटीकडे राहू देणं बरं नव्हतं.

मग माझे हिवाळे सुरू झाले. नात झाल्यापासून मी दर वर्षी नोव्हेंबरात यायची ती व्हिसा संपेपर्यंत राहायची. इथे आलं की कळतं, माझ्यासारख्या कितीतरी जणी असतात. मुलगा-सून ऑफिसला, नातवंडं किंडरगार्टनला, चारला अंधार, बाहेर बर्फ, आणि आपण खिडकीत बसून कुणाची गाडी कुठे लागली ते बघायचं. टीव्ही जर्मन. शेजारी सज्जन, पण जर्मन. नातवंडांना आपलं सगळं कळतं, उत्तर मात्र जर्मनमध्ये. तुम्ही म्हणालात, या सगळ्या आज्या-आजोबांना महिन्यातून एका रविवारी एकत्र बसवू आणि सिनेमा दाखवू. मी लगेच म्हटलं, मग मराठी अभिजात चित्रपट दाखवू या, चर्चा ठेवू. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत आणि विचारलंत, “दात दुखतोय का?”

अशी ती चर्चच्या मागच्या हॉलमधली आपली दुकानदारी सुरू झाली. सिनेमा लावायचा, त्याचा आवाज पार बंद करायचा, आणि पडद्याच्या कडेला दोन खुर्च्यांवर बसून आपण दोघींनी सगळ्यांचं मराठीत बोलायचं. नायिका तुमची. नायक, बाप, पोलीस आणि बटलर माझे. तुमच्या मते माझा आवाज आधीपासूनच बटलरचा होता.

पहिल्या खेळाला आपली फजिती झाली ती आठवते? आवाज बंद केला म्हणजे दारांचा, गाड्यांचा, पडण्याधडपडण्याचाही आवाज बंद होतो, हे दोघींपैकी एकीच्याही डोक्यात आलं नव्हतं. नायक जिन्यावरून गडगडत आला आणि हॉलमध्ये चिडीचूप. तेव्हा मागून कराडच्या अण्णांनी, जन्मभर एसटी चालवलेला माणूस, स्टीलच्या खुर्चीवर थाप मारून तोंडानं “धडाड् धुम्म” केलं. लोक खुर्च्यांतून खाली यायचे बाकी राहिले. त्यानंतर दारं, हॉर्न, घोडे, सगळं प्रेक्षकांनीच करायचं असं ठरून गेलं. दर वर्षी माणसं बदलायची, पण पहिली पाच मिनिटं झाली की कुणीतरी आजोबा आपणहून दार व्हायचे.

तालमी तुमच्या स्वयंपाकघरात. तुम्ही पोळ्या लाटायच्या, मी भाजायची, समोर फळीवरच्या टीव्हीत सिनेमा. आणि भांडणं! मी वाक्य नीट भाषांतर करून आणायची. “तू असंभव आहेस,” असं मी मोठ्या ऐटीत वाचून दाखवलं, तर तुम्ही लाटणं थांबवलंत. “असं कोण बोलतं हो? तुम्ही यांना कधी असं म्हणालात?”

“मग काय म्हणू?”

“‘तुझ्यापुढं हात टेकले बाबा मी!’ आणि म्हणताना पोळी उलटायची. बाई कामात असताना चिडते.”

मराठीची प्राध्यापक मी. तुम्ही मिरज सोडलीत तेव्हापासून तुमच्या मराठीत एक शब्द नवा आला नव्हता की जुना गेला नव्हता. तुमची ती न्यूयॉर्कची श्रीमंत मुलगी “मेल्या”, “मुडद्या”, “तुझं डोकं फिरलंय का जाग्यावर आहे” असं बोलायची, आणि सांगलीच्या, अकोल्याच्या, नाशकाच्या बायकांना ती आपल्याच गल्लीतली वाटायची. मी इतकी वर्षं बोली भाषेवर व्याख्यानं दिली. ती बोली पोळपाटावर बसलेली मला तुमच्याकडे सापडली. हे तुम्हाला कधी म्हणाले नाही. आता म्हणते.

इतके जुने सिनेमे, परक्या देशातले, आपल्या आज्यांना कसे काय कळतात, असं एकदा मृणालनं विचारलं होतं. तुमची लेक, माझी सून. इंजिनिअर आहे, तिला कारण लागतं. मी तिला पुस्तकी उत्तर दिलं: ते बनले तेव्हा तिकडे बेकारी होती, लोकांना श्रीमंतांची फजिती बघून बरं वाटायचं. खोटं नाही ते. पण तुमचं उत्तर जास्त खरं होतं. तुम्ही म्हणालात, “तेव्हा पडद्यावर फार जवळीक दाखवायची बंदी होती ना? मग त्यांनी सगळं प्रेम भांडणात घातलं. आपल्याकडे दुसरं काय केलं? चारचौघांत नवऱ्याचा हात धरायचा नाही, नाव घ्यायचं नाही. मग भाजीत मीठ कमी आहे यावरून अर्धा तास. त्या अर्ध्या तासात सगळं आलं.”

आणि मला हॉलमधली ती सांगलीची आजी आठवली. नायक चिडून खिसे चाचपायला लागला की ती नवऱ्याला कोपरानं ढोसायची, “बघा, बघा. तुमच्यासारखाच. चिडला की चष्मा शोधतो.” आणि ते आजोबा, नाकावर चष्मा असताना, खिसे चाचपायचे.

तुमचं आणखी एक म्हणणं होतं. या सिनेमांत बाई आणि बाप्या एकाच वेगानं बोलतात. तो बोलतोय आणि ती वाट बघत उभी आहे, असं होत नाही. म्हणून ते शिळे होत नाहीत. मी म्हणायची, छे, प्रतिष्ठित माणूस चिखलात पडतो म्हणून. तुम्ही म्हणायचात, “तुम्हाला पडण्याचंच कौतुक. सवय असते एकेकाला.”

पण आपला खरा वाद पियानोवाल्यावरून. (सिनेमांची नावं आपल्याला कधी लक्षात राहिली नाहीत. कोंबडीवाला, जहाजवाला, पियानोवाला.) काडीमोड झालेलं जोडपं, घर विकलेलं, फक्त पियानो दारातून बाहेर निघत नाही म्हणून राहिलाय. तो न्यायला दोघं एकाच दिवशी येतात. तिच्याबरोबर तिचा नवा होणारा नवरा, विमा विकणारा सरळ माणूस. चाहूल लागताच पहिला नवरा पियानोखाली लपतो. विमेवाला तिला विचारतो, कसा होता गं तुझा पहिला नवरा? आणि ती पियानोवर बोटं फिरवत म्हणते, तो ना, गाढव होता.

आता प्रश्न असा, की तो खाली आहे हे तिला ठाऊक असतं का? सिनेमात कुठेही दाखवत नाही. मी म्हणायची, नसतंच ठाऊक. ती भाबडी आहे, वारा येईल तशी वाहतेय, म्हणून तर गंमत. तुमचं म्हणणं, आत पाऊल टाकल्यापासून तिला सगळं ठाऊक आहे. त्यामुळे तुम्ही ते वाक्य सलग बोलायचाच नाहीत. “तो ना...” म्हणून थांबायचात. हॉल वाट बघायचा. मग “...गाढव होता.” दर वर्षी पियानोवाला लागायचा आणि दर वर्षी आपण घरी येईपर्यंत भांडायचो. तुमच्या लेकीनं एकदा गाडी बाजूला घेऊन सांगितलं होतं, “आल्झो, एक तर तुम्ही दोघी गप्प बसा, नाही तर उतरून चालत या.” आपण उतरलो.

हॉस्पिटलात मी शेवटची आले, तेव्हा नाकाला नळी होती आणि तुम्ही मोठ्या डॉक्टरांना त्यांचा टाय कुणी निवडला ते विचारत होतात. मला म्हणालात, “रविवारचा खेळ रद्द करायचा नाही. पियानोवाला लावा.” मी म्हटलं, तुम्ही येताय ना? तुम्ही म्हणालात, “तिला ठाऊक असतं.” मी म्हटलं, नसतं. मग परिचारिका आली आणि मला बाहेर जायला सांगितलं. आपलं शेवटचं बोलणं ते.

त्यानंतरची एक गोष्ट तुम्हाला सांगायलाच हवी. अंत्यविधीचं बघणाऱ्या माणसाकडे मी, मृणाल आणि माझा निखिल गेलो. इथे ते सगळं त्यांच्याच हाती असतं. दिवस, हॉल, फुलं, संगीत, सगळं ठरवायचं. काळ्या सुटातला सभ्य माणूस. त्यानं मऊ आवाजात मृणालला विचारलं, तुमच्या आईचं एका शब्दात वर्णन कराल? म्हणजे अंत्यविधीत भाषण करणाऱ्याला बरं पडतं. मृणालनं समोरचा फुलांचा कॅटलॉग मिटला. मग म्हणाली, “पाइनलिश.”

एवढं जर्मन मला येतं. ज्याच्यामुळे आपली मान खाली जाते, ते पाइनलिश.

बाहेर आल्यावर निखिल पार्किंगचं तिकीट भरायला गेला. मी गाडीत मागे बसले आणि म्हटलं, “मृणाल, काय बोललीस तू हे?”

“खरं बोलले, अहो आई.” तुम्हाला ती आई म्हणायची आणि मला अहो आई, तेवढाच काय तो फरक. “तुम्ही तिला हिवाळ्यात बघितलंत. मी कायम. लोक तिला हसायचे.”

“हसायचे, कारण ती हसवायची.”

“नाइन. तिला कळायचंच नाही. पाचवीत असताना शाळेत एल्टर्नआबेंड होता, पालकसभा, सगळ्यांचे आईवडील. माझी गणिताची बाई, म्हातारी, कडक. आई उभी राहिली आणि तिला म्हणाली, ग्नेडिगेस फ्रॉयलाइन. अहो आई, असं जिवंत माणूस बोलत नाही! ‘कृपावंत कुमारी’, राजवाड्यात बोलायचे तसं ते. पूर्ण वर्ग हसला. मी मागे बाकावर होते. आई पण हसत होती. तिला वाटलं, सगळे आनंदात आहेत.”

तिनं तोंड खिडकीकडे केलं. “मला जन्मभर वाटत आलंय की तिला कुणीतरी सांगायला हवं होतं. आणि ते कुणीतरी मीच होते. नाही सांगितलं.”

माझ्याजवळ उत्तर होतं, कुमुदताई. पण भलतंच. नायिकेला काही ठाऊक नसतं असं इतकी वर्षं म्हणत आलेली बाई मी. आता कुठल्या तोंडानं सांगू, की तुझ्या आईला सगळं ठाऊक होतं? आपल्या भांडणातली माझी बाजू तुमच्याच लेकीच्या तोंडी आली होती. आणि ती ऐकवत नव्हती.

खेळ रद्द करू, असं ती म्हणाली. मी नाही म्हटलं. “आईचं कोण बोलणार?” तर म्हटलं, “मी दोघांचंही बोलीन. तू कॉफी बघ.”

रविवारी हॉल भरला. अर्ध्यांना तुमचं कळलेलं, अर्धे नुकतेच भारतातून आलेले, त्यांना तुम्ही कोण तेही माहीत नाही. मी दोन खुर्च्यांमध्ये उभी राहिले आणि सुरुवात केली. भयानक झालं. एकटीनं भांडता येत नाही. माझा नायक आणि माझी नायिका एकाच थकलेल्या आवाजात एकमेकांशी अगदी सहमत असल्यासारखे ओरडत होते. आपल्याच वाक्याला आपणच उत्तर द्यायचं, म्हणजे उत्तर आधीच ठाऊक. पुढच्या रांगेत एक आजोबा बायकोला विचारत होते, “यातली बाई कुठली आणि बाप्या कुठला?” दार आपटलं तरी कुणी दार झालं नाही.

पियानो आला. नायक खाली शिरला. विमेवाल्यानं विचारलं, कसा होता गं तुझा पहिला नवरा? आणि मी तुमच्या रिकाम्या खुर्चीकडे बघितलं. तुमचं वाक्य होतं ते. माझ्यानं होईना. पडद्यावर ती बोटं फिरवतेय, ओठ हलतायत, आणि हॉलमध्ये नुसती कॉफीच्या मशीनची घरघर.

मागून आवाज आला. “आख, देर...”

मृणाल. कॉफीचा ट्रे हातात, दोन रांगांच्या मधे उभी. पडद्याकडे बघत. आणि थांबली. थांबली, विहीणबाई! श्वास रोखून, भुवई किंचित वर, संपूर्ण हॉल आपल्याकडे वळेपर्यंत. मग म्हणाली, “...वार आइन एझल.”

तिनं ते जर्मनमध्ये म्हटलं, कारण लहानपणी तुमच्या मटारच्या टोपलीशेजारी बसून तिनं ते जर्मनमध्येच ऐकलं होतं. हॉलमध्ये कुणाला काय कळणार? पण पियानोखाली मी होते ना. मी ओरडले, “गाढव? मी गाढव?” आणि कुठल्याशा आजोबांनी खुर्चीवर थाप मारली, कारण नायकाचं डोकं पियानोला आपटलं होतं. हॉल असा हसला की खिडक्यांच्या काचा वाजल्या.

ती ट्रे खाली ठेवून पुढे आली आणि तुमच्या जागी बसली. दोन वाक्यं जर्मनमध्ये झाली, तिसऱ्याला ती मराठीत होती. तिचं मराठी आपल्याला नेहमी तोकडं वाटायचं. पण भांडायला ते पुरेसं आहे. भरपूर आहे! “मेल्या, तुझं डोकं जाग्यावर आहे का,” असं ती म्हणाली आणि मी बघतच राहिले. म्यूनिकच्या गाडीत लॅपटॉप उघडून बसणाऱ्या बाईच्या तोंडून मिरज बोलत होती. हसू अर्धं ओसरलं की पुढचं वाक्य टाकायचं, पूर्ण ओसरू द्यायचं नाही, हे आपल्याला किती खेळांनंतर जमलं होतं? तिला ते कुणी शिकवलेलं नव्हतं. तिला ते येत होतं.

नंतर आम्ही दोघी कप विसळत होतो. नळ चालू होता, तिचा चेहरा दिसत नव्हता.

“अहो आई.”

“काय गं?”

“मी थांबले ना आज, त्या शब्दाआधी? ते थांबताना सगळे बघायला लागतात. चुकलं तर संपलंच. ते चुकून होत नाही. मुद्दाम करायला लागतं.”

“हं.”

“एल्टर्नआबेंडला आई थांबली होती. मला आज आठवलं. बाईंनी नुकतंच सगळ्यांसमोर सांगितलं होतं की मी वर्गात तोंड उघडत नाही, मला जमणार नाही. आई उठली, म्हणाली ‘ग्नेडिगेस...’ आणि थांबली. सगळे वळले. मग म्हणाली ‘फ्रॉयलाइन’. आणि त्यानंतर कुणी माझ्याकडे बघितलंच नाही. सगळे तिच्याकडे बघत होते.” तिनं नळ बंद केला. “तिला ठाऊक होतं. गेनाऊ, अगदी सगळं ठाऊक होतं.”

मी तिला जवळ घेतलं नाही. तिचे हात साबणाचे होते आणि माझी साडी बरी होती. कप पुसत राहिले. पण दुसऱ्या दिवशी ती त्या काळ्या सुटातल्या माणसाला फोन करून तो एक शब्द बदलायला सांगत होती, हे मी दाराआडून ऐकलं. ऐकायचं नव्हतं, पण मी अशी आहे. नवा शब्द मला कळला नाही. लांबलचक होता. पलीकडचा माणूस तो ऐकून हसला, हे मात्र कळलं.

तेव्हा वाद तुम्ही जिंकलात. मी हे छापील अंकात लिहून देते आहे, याहून जास्त काय करू? नायिकेला ठाऊक असतं. व्हिसाच्या कचेरीत ठाऊक होतं, शाळेत ठाऊक होतं, आणि त्या पहिल्या दिवशी मला रुमाल देतानाही. मला वाटत होतं मी एका भाबड्या बाईला सांभाळून घेतेय. दर हिवाळ्यात.

एक तक्रार मात्र राहिली. तुमच्याबरोबर बोलताना मला माझी जागा मिळायची. तुम्ही कितीही वेगात असलात तरी माझ्या वाक्यापुरती फट ठेवायचात, आणि मला वाटायचं आपणच काय ती वेळ साधतो. तुमची लेक फट ठेवत नाही. शेवटच्या प्रसंगात नायकाचं ते मोठं भाषण आहे ना, माफी मागण्याचं, मी कौतुकानं घोळवून घोळवून बोलते ते? मी पहिलं वाक्य घेतलं, दुसऱ्याला श्वास घेतला, आणि तेवढ्यात ती आत घुसली. नुसती घुसली नाही, माझं वाक्य संपवून, त्याला उत्तर देऊन, दार आपटून बाहेर पडली. मी मागून धावत होते. या वयात. लोक हसून हसून डोळे पुसत होते आणि माझी दोन पानांची माफी कुणालाच नको होती.

तुमच्यापेक्षा वेगानं बोलते ती, कुमुदताई. तुमच्यापेक्षा! हे तुम्हाला तोंडावर सांगायला कुणीतरी हवंच होतं, आणि असलं काही सांगायचा मान विहिणीचाच असतो.